लेबलावर नाव कुणाचं?

शहरात जुन्या रेकॉर्डींचं वेड परत आलंय. पंचवीस-तीस वर्षांमागं ज्या रेकॉर्डी भंगारवाला फुकटसुद्धा उचलत नव्हता, त्या आता काचेच्या कपाटात जाऊन बसल्यात. नव्या रेकॉर्डीही निघतात, एकेक दोन-तीन हजारांना. तरुण पोरं त्या घेतात, फडक्यानं पुसतात, कव्हरात घालून उभ्या लावून ठेवतात. माझा पुतण्या पुण्यात नोकरीला आहे. त्याच्या खोलीत पलंग नाही, पण रेकॉर्ड वाजवायचं मशीन आहे. गेल्या साली त्यानंच मला जुन्या रेकॉर्डींच्या एका प्रदर्शनाला नेलं. ते प्रदर्शन आणि रेकॉर्डींची ही नवी भक्ती, या दोन्हींबद्दल मला चार गोष्टी सांगायच्यात. मी संगीतातला जाणकार नाही. १९७६ ला दहावी झालो आणि तेव्हापासून मिरजेच्या पूर्वेला ज्वारी आणि द्राक्षं करतोय. पण मी ऐकणारा माणूस आहे, आणि ऐकणाऱ्यालाही बोलायचा हक्क असतो असं मी धरून चालतो.

आधी चांगलं ते सांगतो. प्रदर्शन मनापासून केलेलं होतं. किल्ली द्यायचा फोनो होता, पितळी कर्ण्याचा. कुत्रा छाप कंपनीच्या रेकॉर्डी ओळीनं मांडल्या होत्या. बालगंधर्व होते, हिराबाई होत्या, सुंदराबाई होत्या. पुण्याच्या या सुंदराबाईंच्या लावण्या आणि गझला त्या काळात घरोघर वाजत. ‘एकच प्याला’ नाटकातल्या पदांच्या चालींतही त्यांचा हात होता. पुढं ‘माणूस’ सिनेमात त्यांनी आईचं काम केलं. हे सगळं पाटीवर नीट छापलेलं होतं. ज्यांनी ह्या वस्तू सांभाळल्या, त्यांचे उपकारच मानायला हवेत. मुंबईत १९९० साली रेकॉर्डी जमवणाऱ्यांनी एकत्र येऊन सोसायटी काढली, पत्रिका चालवली, याद्या केल्या. ही माणसं जुन्या बाजारात उन्हातान्हात बसून, धुळीतली एकेक रेकॉर्ड उलटीपालटी करून बघत नसती, तर निम्मा आवाज मातीत गेला असता. बियाणं राखणाऱ्या माणसाला आमच्याकडं मान असतो. ही त्याच जातीची माणसं.

पण तासभर हिंडल्यावर मला चुकल्यासारखं वाटायला लागलं. इतक्या रेकॉर्डी आणि खोलीत चिडीचूप. माणसं कव्हरांचे फोटो काढत होती. लेबलाचा रंग कुठला, नंबर काय, कारखाना कुठला, यावर दोन जाणत्यांची गप्पा रंगली होती. मी एका पोराला विचारलं, “बाबा, यातली एखादी वाजवून दाखवता का?” तो अदबीनं म्हणाला, “काका, या वाजवत नाही, झिजतात.” त्याचं खरं होतं. जुनी रेकॉर्ड पोलादी पिनेखाली दर खेपेला थोडी झिजतेच. पण म्हणून बाजूला ठेवलेल्या दुसऱ्या यंत्रावरून तरी आवाज सोडायला हरकत नव्हती. बैलाचं प्रदर्शन भरवायचं आणि बैलाला बसूनच ठेवायचं, तर चाल कशी कळणार?

आता ती रेकॉर्ड कशाची असते ते बघा, कारण पाटीवर ते नव्हतं. जुनी काळी जड रेकॉर्ड, मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे घेणारी, ही लाखेची. लाख म्हणजे पळस, बोर, कुसुम असल्या झाडांच्या फांदीवर बसणाऱ्या बारक्या किड्यांनी केलेलं कवच. झारखंड, छत्तीसगड, मध्य प्रदेश या जंगलपट्ट्यातले लोक ते फांद्यांवरून खरवडून काढत. त्यात दगडाची भुकटी आणि काजळी मिसळून तापवून ठसा मारला की रेकॉर्ड झाली. म्हणून ती हातातून पडली की कवलासारखी फुटायची. पुढं अमेरिकेत १९४८ ला व्हिनाइलची, म्हणजे प्लॅस्टिकची, लांब वाजणारी रेकॉर्ड निघाली. ती वाकते, पण सहसा फुटत नाही. आपल्याकडं लाखेच्या रेकॉर्डी १९७० च्या आसपासपर्यंत चालल्या. म्हणजे पहिली साठ-सत्तर वर्षं देशातलं जे गाणं साठवलं गेलं, ते कुणा आदिवासी बाईनं पळसाच्या फांदीवरून खरवडलेल्या मालावर. तिचं नाव कुठं असणार? असायची अपेक्षाही मी धरत नाही. पण एवढी गोष्ट सांगितली असती तर बघणाऱ्याला बरं वाटलं असतं.

तीच गोष्ट तंबोऱ्याची. कोपऱ्यात मिरजेचा जुना तंबोरा उभा केला होता. मिरजेत सतारी-तंबोरे करणारी घराणी पिढ्यान्‌पिढ्या आहेत, आणि २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला सरकारी भौगोलिक मानांकनही मिळालं. पण तंबोऱ्याचा आवाज ज्यात घुमतो तो भोपळा पंढरपूर भागातल्या शेतकऱ्याच्या रानातला. खायचा भोपळा वेगळा, हा वेगळा. तो कडू आणि जाड सालीचा. वेलावरच पुरता वाळेपर्यंत ठेवायचा, पाऊस लागू द्यायचा नाही, जमिनीवर एकाच बाजूला टेकून खोबण पडू द्यायची नाही. हे सांभाळणाऱ्याला त्या गाण्यातलं काही कळत असेल-नसेल, पण त्याच्या वेलाची जाडी आवाजात उतरते. शेतकरी म्हणून मला ते दिसतं, म्हणून सांगितलं.

दुसरी गोष्ट वेळेची. त्या जुन्या रेकॉर्डीच्या एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटं मावायची. आता ज्यांनी तमाशा बघितलाय त्यांना सांगायला नको. आधी गण, मग गवळण, मग बतावणी आणि मग वग, अशी रात्र जाते. एक लावणी उभी राहायलाच तीन मिनिटं लागतात. ढोलकी आणि हलगीची जुंपते, तुणतुणं सूर धरतं, झीलकरी मागून ओढतात, बाई एकच ओळ चार तऱ्हांनी करते, कुणी दौलतजादा करतो, त्यावर सोंगाड्या टोला हाणतो, आणि मग परत ओळ धरली जाते. यातली चार तऱ्हांपैकी एक तऱ्हा तेवढी रेकॉर्डीत गेली. बाकीचं बाहेर राहिलं. सवाल-जवाब तर दोन फडांची झुंज, ती पहाटेपर्यंत चालायची. ती तीन मिनिटांत कशी कोंबणार?

पण म्हणून रेकॉर्डीनं नुसतं वाटोळं केलं असंही मी म्हणणार नाही. आमच्या मिरजेत राहिलेले अब्दुल करीम खाँसाहेब बघा. १९३७ ला ते गेले, त्याच्या आधी त्यांच्या रेकॉर्डी निघाल्या. तीन मिनिटांत त्यांनी असं गायलंय की ऐकताना वेळ कमी पडला असं वाटत नाही. कुठली जागा घ्यायची आणि कुठली सोडायची, हे त्यांनी पक्कं केलेलं कळतं. त्यांची रेकॉर्ड ऐकून गदगकडचा एक अकरा वर्षांचा पोरगा वेडावला आणि १९३३ ला घर सोडून गुरू शोधत निघाला. तो पोरगा म्हणजे भीमसेन जोशी. तेव्हा तीन मिनिटांची रेकॉर्ड काय करू शकते याला पुरावा आहे. मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्यात उरुसाला खाँसाहेबांच्या स्मरणार्थ दर साली गाणं होतं. मी बऱ्याच वेळा जातो, पोतं टाकून बसतो. तिथं तिकीट नाही आणि कुणी उठवत नाही.

माझं म्हणणं एवढंच, की रेकॉर्ड हा एक तुकडा आहे. उसाच्या कांडीवरून उसाची जात कळते, पण फड किती मोठा होता ते कळत नाही. प्रदर्शनात कांडी ठेवली होती आणि खाली पाटी फडाची होती.

आता आमच्याकडं रेकॉर्ड कशी ऐकली जायची ते सांगतो, कारण शहरातल्या पोरांना वाटतं की रेकॉर्ड म्हणजे खोलीत एकट्यानं डोळे मिटून ऐकायची चीज. आमच्या गावात १९७० च्या सुमाराला कुणाच्या घरात फोनो नव्हता. एक स्पीकरवाला होता. शेजारच्या गावचा, सायकलवर मागं मशीन, पुढं पत्र्याच्या पेटीत रेकॉर्डी आणि दांडीला कर्णा बांधलेला. गावात लाइट असून नसल्यासारखी, म्हणून बॅटरी बैलगाडीतून यायची. लग्नाच्या आदल्या दिवशी तो आला की आम्ही पोरं त्याच्याभोवती. लिंबाच्या झाडावर कर्णा चढवायचा मान ज्याला मिळेल तो दोन दिवस ताठ चालायचा.

त्या स्पीकरवाल्याला मी आजही आमच्या भागातला मोठा समीक्षक मानतो. कुठली रेकॉर्ड कधी लावायची याचं त्याचं गणित पक्कं होतं. पहाटे देवाची गाणी, भूपाळ्या. हळदीला वेगळी. वरात निघाली की सुलोचना चव्हाणांची लावणी. जेवणाच्या पंगतीला जरा हलकं. नवरी निघताना काय लावायचं हे त्याला कुणी सांगावं लागत नव्हतं, आणि त्या वेळी सगळा मांडव रडायचा. लोक चिठ्ठी पाठवून फर्माईश करायचे. एखादी रेकॉर्ड पुन्हा पुन्हा लावून घासली की पिन एकाच जागी अडकायची आणि तोच शब्द दहा वेळा यायचा. लोक हसायचे, तो बोटानं हळूच पिन पुढं सारायचा. त्या घासलेल्या खुणा म्हणजे गावाची पसंती होती. प्रदर्शनात मात्र जी रेकॉर्ड जितकी कोरी तितकी मोलाची. कोरी राहिली म्हणजे कुणी ऐकलीच नाही असंही असेल की!

आणखी एक गोष्ट त्या कर्ण्यानं केली, ती कुठल्या पाटीवर लिहिलेली मी बघितली नाही. प्रल्हाद शिंदे यांचा आवाज आमच्या गावात दोन्हीकडं वाजायचा. आषाढी-कार्तिकीला देवळावरच्या कर्ण्यातून त्यांची विठ्ठलाची गाणी, आणि चौदा एप्रिलला वस्तीतल्या कर्ण्यातून त्यांचीच बाबासाहेबांची गाणी. आवाज एकच. ज्या समाजातल्या माणसाला त्या काळात उंबऱ्याच्या आत पाणी मिळत नव्हतं, त्याच समाजातल्या गायकाच्या आवाजानं देवळाची सकाळ व्हायची. माणसाला जिथं अडवलं होतं तिथं आवाज गेला. वामनदादा कर्डकांची गाणीही अशीच वस्तीतून गावभर यायची, वारा सुटला तर वाड्यापर्यंत. वाड्यातली म्हातारी माणसं तोंडानं काही म्हणत नव्हती, पण पाय ठेका धरायचे. हे मी डोळ्यांनी बघितलंय. यानं जात गेली असं नाही. पण कान आधी बाटले आणि ते बरं झालं.

आता लेबलाकडं येतो. मला मुख्य बोलायचंय ते यावरच.

आपल्या देशात १९०२ साली कलकत्त्यात गौहरजान या गायिकेचं गाणं रेकॉर्ड झालं. गाणं संपलं की ती शेवटी इंग्रजीत आपलं नाव सांगते. का, तर तेव्हा रेकॉर्डी इथं बनत नव्हत्या. माल जर्मनीत हॅनोव्हरला जायचा, तिथल्या कारागिराला भाषा कळत नव्हती, आणि कुठली रेकॉर्ड कुणाची हे त्याला ऐकून कळावं म्हणून नाव बोलायचं. १९०८ ला कलकत्त्यात कारखाना झाला, मग ती गरज हळूहळू संपली. नाव छापून यायला लागलं. म्हणजे सुरुवातीपासून या धंद्यात नाव ही मोठी गोष्ट होती. कुणाचं तरी नाव हवंच, नाहीतर माल कुणाचा ते कळत नाही. पण नाव एकाचंच यायचं, पुढच्याचं. मागं बसलेल्यांचं सहसा नाहीच.

गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकर यांची गोष्ट बघा. १९७७ ला अमेरिकेनं दोन यानं सोडली, त्यांत सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची रेकॉर्ड बसवली. पृथ्वीवरच्या गाण्या-बजावण्याचे सत्तावीस नमुने त्यात आहेत. आपल्या देशातलं एकच, केसरबाईंची भैरवी, साडेतीन मिनिटांची. त्याच साली त्या वारल्या, पण आवाज चालला आहे, सूर्यमालेच्या पलीकडं गेला आहे. मला याचा केवढा अभिमान वाटतो! पण त्या यादीत नाव केसरबाईंचं आहे. साथ करणाऱ्यांचं नाही. माणसानं आजवर आवाज जितका लांब पाठवला, त्यात तबल्याची बोटं आहेत आणि बोटं कुणाची ते यादीत नाही.

मग आमच्या गावच्या नानांचं काय घेऊन बसलात?

नाना म्हणजे ढोलकीवाले. आम्ही सगळे त्यांना नानाच म्हणायचो. तीस वर्षं फडात काढलेली. साठीच्या दशकात कधीतरी ते एका गायिकेबरोबर मुंबईला गेले आणि एका दुपारी दोन लावण्या रेकॉर्ड झाल्या. ते सांगायचे, “मला भिंतीकडं बसिवलं. म्हनले, तुमची ढोलकी लई बोलती, बाईचा आवाज दबतोय. खाली गोधडी टाकली, मग मापात आली.” तीस रुपये आणि गाडीभाडं मिळालं. रेकॉर्ड आली, गावोगाव वाजली. आमच्या जत्रेतही वाजायची. ती लागली की नाना जिथं असतील तिथं उभे राहायचे. गाणं सुरू व्हायच्या आधी ढोलकीचा एक तुकडा आहे त्यात, मोजून आठ-दहा सेकंदांचा. तेवढा झाला की ते परत कामाला लागायचे. लेबलावर बाईंचं नाव, कवीचं नाव, कंपनीचं नाव. नाना म्हणायचे, “हात माजा हाय, नाव कुटं हाय?” आणि हसायचे. तेव्हा ते हसण्यावारी होतं.

पुढं म्हातारपणी हसण्यावारी राहिलं नाही. सरकार वृद्ध कलावंतांना मानधन देतं. नानांचा अर्ज मी लिहिला. पुरावा मागितला. कार्यक्रमाची पत्रिका, वर्तमानपत्रातलं कात्रण, फोटो, प्रमाणपत्र. फडातल्या ढोलकीवाल्याकडं यातलं काय असणार? जाहिरातीवर नाव बाईचं आणि फडाच्या मालकाचं. फोटोत नाना मागं, निम्मे कापलेले. शेवटी त्यांनी ती रेकॉर्ड फडक्यात गुंडाळून नेली. मी बरोबर होतो. समोरच्या माणसानं रेकॉर्ड उलटून बघितली आणि सांगितलं, “आजोबा, यावर तुमचं नाव नाही.” तो काही वाईट माणूस नव्हता. त्याच्यापुढं कागद होता आणि कागदात नाव हवं होतं. नाना म्हणाले, “ढोलकी आना, वाजवून दावतो.” तिथं ढोलकी कुठली असणार? आम्ही परत आलो. मानधन काही झालं नाही. २००४ च्या पावसाळ्यात नाना गेले.

म्हणून लेबलावरचं नाव ही माझ्या दृष्टीनं हौशीची गोष्ट नाही. त्यावर एका माणसाच्या म्हातारपणाची औषधं अडली होती.

आता चाहत्यांबद्दल. रेकॉर्डी जमवणारा शहरातला चाहता आणि तमाशाचा खेड्यातला चाहता, दोघंही वेडेच. आमचा चाहता नारायणगावला जातो. पाडव्याच्या आधी तिथं फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पंच येतात, आणि यंदा जत्रेला कुणाला न्यायचं याची सुपारी ठरते. मी दोन खेपा पंचांबरोबर गेलोय. तिथली चर्चा ऐकण्यासारखी असते. कुणाचा वग नवा आहे, कुणाच्या सोंगाड्याची जीभ अजून चालते, ढोलकीवाला कुठल्या फडातून कुठं गेला. बघा, ढोलकीवाल्याचं नाव तिथं निघतं! ढोलकीवाला फुटला तर फडाचा दर पडतो. पंचांना हे कळतं, लेबल छापणाऱ्याला कळलं नाही.

पण आमच्या चाहत्यांचंही खोटं कौतुक नको. विठाबाई नारायणगावकर यांना १९५७ ला आणि परत १९९० ला राष्ट्रपतींच्या हातून मान मिळाला. त्यांच्यावर जीव टाकणारी माणसं गावोगाव होती, मैदानं भरायची. तरी २००२ ला त्या गेल्या त्या हलाखीत. आता त्यांच्या नावानं सरकार तमाशा कलावंतांना पुरस्कार देतं. शिट्ट्या मारणारे आम्हीच होतो आणि जत्रा झाल्यावर विसरणारेही आम्हीच. शहरातला चाहता वस्तू सांभाळतो आणि माणसाला विचारत नाही. खेड्यातला चाहता माणसाला डोक्यावर घेतो आणि दुसऱ्या दिवशी खाली ठेवतो. दोघांनी एकमेकांकडून थोडं शिकावं.

सिनेमाचाही इथं हिशेब करायला हवा. ‘सांगत्ये ऐका’ १९५९ ला आला, ‘पिंजरा’ १९७२ ला. वसंत पवार आणि राम कदम या संगीतकारांनी फडातली ढोलकी रेकॉर्डीत अशी आणली की आजही ऐकताना अंग हलतं. मला त्या गाण्यांची चीड नाही, उलट जीव आहे. पण दुष्काळाच्या सालात, आमची आई खडी फोडायला जात होती तेव्हा, गावात ‘पिंजरा’ची गाणी घुमायला लागली आणि दोन-चार वर्षांत जत्रेतले लोक फडाकडंही त्याच गाण्यांची फर्माईश करायला लागले. फडातल्या बाईला स्वतःच्या घरची लावणी बाजूला ठेवून रेकॉर्डीतल्यासारखं गावं लागलं. फडातून गेलेला माल रंग देऊन परत फडातच विकायला आला. मूळ चाल येणाऱ्या बाया एकेक करून थकल्या. वाईच्या यमुनाबाई वाईकर मात्र बैठकीची लावणी शेवटपर्यंत धरून होत्या. २०१२ ला पद्मश्री आणि २०१८ ला निधन. त्यांच्यासमोर बसून ज्यांनी ऐकलं त्यांना माहीत आहे की बसून, नुसत्या नजरेनं आणि हातानं, लावणी काय होते. ते कुठल्या रेकॉर्डीत सापडेल? डोळ्यानं बघायची गोष्ट कानाच्या डबीत भरता येत नाही.

पुढं कॅसेटी आल्या, रेकॉर्डी अडगळीत गेल्या. कॅसेट स्वस्त, म्हणून गावोगावचे शाहीर, भजनी मंडळं, जलसे तिच्यात शिरले. तो एक फायदा झाला. आता मोबाइलवर सगळंच आहे, पण तिथं तर गायिकेचंही नाव पुष्कळदा नसतं. पोरं नुसतं “जुनी लावणी” लिहून टाकून देतात. तेव्हा लेबलावर निदान एक नाव होतं म्हणायची वेळ आली!

मग माझी तक्रार नेमकी कशाबद्दल? प्रदर्शन भरवणाऱ्यांनी कंपनीनं केलेली वाटणी जशीच्या तशी पुढं चालवली, याबद्दल. लेबलावर नाव एक, म्हणून पाटीवरही एक. कंपनी धंदा करत होती, तिला बाजारात खपणारं नाव हवं होतं. प्रदर्शनाला काही विकायचं नव्हतं. त्यांना चौकशी करता आली असती. हजार रेकॉर्डी मांडण्यापेक्षा शंभर मांडा, पण त्या शंभरांत ढोलकी कुणाची, पेटी कुणाची, झील कुणी ओढली, ती बाई कुठल्या गावची, तिचा फड कुठला, हे शोधा. सापडलं नाही तर पाटीवर कोरी जागा ठेवा आणि लिहा, की इथं एक माणूस होता. निदान जागा तरी दिसेल. आणि दिवसातून दोन वेळा खोलीत आवाज सोडा. रेकॉर्ड कर्ण्यातून कशी ऐकू यायची तेही एकदा ऐकवा, कारण महाराष्ट्रातल्या कितीतरी लोकांनी ती तशीच ऐकली आहे.

पुतण्याला मी हे सगळं येताना गाडीत सांगितलं. तो म्हणाला, “काका, आता कोण सांगणार? सगळे गेले.” सगळे गेले नाहीत. आमच्याच पंचक्रोशीत सत्तरी-ऐंशीतली चार माणसं मला माहीत आहेत. एक जण हलगी वाजवायचे, एक जण सुरत्या होते, दोघी बहिणी झील धरायच्या. त्यांना एखादी रेकॉर्ड ऐकवली तर पहिल्या थापेवर सांगतात की हा हात कुणाचा. हात ओळखतात ती माणसं, जसे आपण लांबून बैल ओळखतो. त्यांच्यापाशी वही घेऊन बसायला दोन दुपारी पुरेत. मी बसायला लागलोय. आतापर्यंत एकोणीस नावं झाली. नानांची रेकॉर्ड त्यांच्या सुनेपाशी आहे. तिच्या कव्हरावर आतल्या बाजूला मी पेनानं त्यांचं नाव, गाव आणि “ढोलकी” असं लिहून ठेवलंय. जमवणारे म्हणतील, कव्हर खराब केलं, किंमत कमी झाली. होऊ दे.

तुमच्या माळ्यावर, ट्रंकेत, जुन्या कपाटामागं एखादी रेकॉर्ड असेल तर ती विकायच्या आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला दाखवा. कुठून आणली, कुठं वाजली, यात वाजवणारं-गाणारं कुणी आपल्या ओळखीचं आहे का, एवढं विचारा आणि कागदावर लिहून आत घाला. मग खुशाल विका. घेणाऱ्याला रेकॉर्ड मिळेल आणि त्याबरोबर माणूसही मिळेल.